शिवणीतला जास्तीचा इंच

मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, मित्रांनो. कापड बेतणाऱ्या मास्तरांची, चांगली लांब आणि वजनदार. बोलताना मी जरा लागले तर राग मानू नका. धार हा माझा स्वभावच आहे.

एका लोहाराने मला घडवलं आणि बाजारात विकायला टांगलं. तिथून मास्तरांनी मला उचललं, तेव्हा त्यांना नुकती कुठे मिसरूड फुटली होती. शिलाईच्या एका मोठ्या दुकानात आम्ही दोघांनी अडतीस वर्षं काढली. मास्तर खडूने रेघ मारत आणि मी त्या रेघेवरून चालत असे. त्यांचा अंगठा टेकायचा तिथला माझा रंग केव्हाच उडाला आहे. विजारी बेतण्यात तर त्यांचा हातखंडा होता. मागच्या शिवणीत ते नेहमी इंचभर माया सोडत, म्हणजे जास्तीचं कापड. "माणूस सुटतो, वाळतो. कपड्याने त्याला सांभाळून घ्यायला हवं," असं ते म्हणत. दहा-दहा वर्षांनी गिऱ्हाइकं तीच विजार ढिली करून घ्यायला येत आणि मास्तरांना दुवा देऊन जात.

पुढे मालक वारले आणि त्यांच्या मुलाने दुकान विकलं. मास्तर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. "हातात कसब आहे, काम मिळेलच," असं म्हणून त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि आम्ही निघालो.

पहिल्या कारखान्यात त्यांच्या हाताकडे कोणी पाहिलंच नाही, पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. दुसरीकडे "तरुण माणसं हवीत" असं दारातच ऐकवलं. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि "कळवतो" म्हणाल्या. त्यांचं कळवणं अजून यायचं आहे! घरी मास्तर नुसते बसून राहू लागले. त्यांची बोटं मात्र मांडीवर आपोआप उघडायची, मिटायची. मी खिळ्याला टांगलेली असायची आणि ते माझ्याशिवाय हवा कापत असायचे. मला त्याची फार भीती वाटे.

शेवटी लेकीने त्यांचे केस काळेभोर केले आणि अर्जात वय शेहेचाळीस लिहिलं.

"अगं, हे केस मी उन्हात पांढरे केलेले नाहीत."

"मला माहितीये, बाबा. त्यांना कुठे माहितीये?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. आतल्या माणसाला त्यांनी ओळख दिली नाही.

चौथा कारखाना तयार कपड्यांचा होता. तिथल्या तरुण साहेबाने कापड आणि कागदी नमुना पुढे केला आणि विजार बेतायला सांगितली. त्या दिवशी मी अशी चालले की आजूबाजूचे कारागीर हातातलं काम सोडून बघत राहिले. साहेबही खूश झाला. मग त्याचं बोट मागच्या शिवणीवर थांबलं.

"काका, इथे नमुन्यापेक्षा इंचभर जास्त कापलंय."

"माया आहे ती. पोट सुटलं की उसवून ढिली करता येते."

"उसवतंय कोण आता? टाकून देतात, नवी घेतात." साहेब हसला. मग त्याने मास्तरांच्या केसांकडे नीट पाहिलं. "अशी माया माझे आजोबा सोडायचे. काका, खरं वय किती तुमचं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना कोणी माया सोडायला सांगितलं नव्हतं; अडतीस वर्षांच्या सवयीने हात वळला होता.

"अठ्ठावन्न," मास्तर म्हणाले.

"कळवतो," साहेब म्हणाला.

घरी लेक दारातच उभी होती. "काय झालं, बाबा?"

"झालं काम. उद्यापासून या म्हणाले."

आज त्याला तीन आठवडे झाले. मास्तर रोज नऊला डबा आणि मला घेऊन निघतात आणि आमच्या जुन्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात. विकत घेणाऱ्याने ते अजून उघडलेलं नाही. बंद शटरच्या आतून मला कापडावर खडू ओढल्याचा आवाज येतो. आत कोणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मास्तरांनाही तो ऐकू येत असावा, कारण त्यांची बोटं त्याच तालावर उघडतात आणि मिटतात. महिना भरल्यावर लेकीला काय सांगणार, ते त्यांनाच माहीत. त्यांच्या केसांच्या मुळाशी पुन्हा पांढरं दिसू लागलं आहे.

मित्रांनो, कात्रीचं कोण ऐकणार? तरी सांगते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, साहेबाच्या खुर्चीत बसाल. समोर एखादे काका किंवा मावशी काम मागायला येतील. आधी त्यांचं काम बघा. ते चांगलं असेल तर चांगलं म्हणा, आणि पुढचा प्रश्न गिळून टाका.

काल संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, आज किती विजारी बेतल्या?"

"चाळीस," मास्तर म्हणाले.

ती आनंदाने आईला सांगायला आत पळाली. मास्तरांनी मला फडक्यातून बाहेर काढलं. माझ्यावर कापडाचा एक धागाही नव्हता. तरी ते मला बराच वेळ पुसत राहिले.