सातव्या भागाची समाप्ती

“हात धुतलेस का? मग बस. पोथीला उशीर नको.”

धुरपताबाईंनी उदबत्ती पुस्तकावरून ओवाळली. मुखपृष्ठावर जीन्स घातलेली एक मुलगी होती आणि तिच्यामागे निळ्या डोळ्यांचा यक्ष. बिचाऱ्यानं सहा भाग हा धूर निमूट सोसला होता. हा सातवा, शेवटचा.

चूक सुनेची, शिवकन्येची. ती बेंबळी गावात अंगणवाडी सेविका. सहा वर्षांपूर्वी नवरा मल्हार कामाला म्हणून पुण्याला गेला, तेव्हा तिनं वाचनालयातून पहिला भाग आणला आणि दुपारी पुटपुटत वाचू लागली. सासूनं विचारलं, “कसली पोथी?” नसती कटकट नको म्हणून ती म्हणाली, “हाय एक.” म्हातारी डोक्यावर पदर घेऊन समोर बसली ती बसलीच. पुढं प्रेमप्रकरण सुरू झालं तरी तिला काही वावगं वाटलं नाही. “देवादिकांनी काय कमी केलं?” म्हणाली.

गोष्ट तशी साधी होती. महापालिकेच्या पाणीखात्यात कारकून असलेली मुलगी आणि शहराच्या जुन्या टाकीत राहणारा यक्ष. दीड वर्षापूर्वी सहावा भाग आला. त्यात शहर वाचवताना यक्ष पाण्यात विरून गेला. त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यापासून धुरपताबाईंनी येडेश्वरी देवीचे मंगळवारचे उपास धरले, पोथीची समाप्ती होईपर्यंत. मागणं काय ते बोलायचं नसतं, पण शिवकन्येला वेगळं सांगायला नको होतं. मल्हार चार वर्षांत घरी आला नव्हता.

तो येणारही नव्हता. त्यानं तिकडं दुसरा संसार थाटला होता, त्याला मुलगीही झाली होती. शिवकन्येला हे ठाऊक होतं. सासूला मात्र पत्ता नाही, असं ती धरून चालली होती.

सातवा भाग तिनं आधीच चोरून वाचला होता. यक्ष अमरपण सोडतो, माणूस होऊन परत येतो. म्हातारीनं हे ऐकलं की तिला वाटणार, देवीनं कौल दिला. आणि ती मरेपर्यंत दाराकडं बघत बसणार. म्हणून शिवकन्येनं ठरवलं होतं, शेवट बदलून वाचायचा. यक्ष येत नाही म्हणून सांगायचं. धुरपताबाईंना अक्षरओळख नव्हती.

शेवटचं प्रकरण आलं. मुलगी भाड्याच्या खोलीत एकटीच भांडी घासत होती. दारावर थाप पडली.

“कोण हाय?” धुरपताबाईंनी विचारलं.

इथंच ‘शेजारीण’ म्हणायचं होतं. शिवकन्येला ते म्हणवेना. सहा वर्षं तीही वाट बघत होती. कुठंतरी, कुणीतरी, कुणाकडं तरी परत यायला हवं होतं, आणि ते तिला स्वतःच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं होतं तसं वाचलं. यक्षाचे डोळे आता साधे काळे होते. तो कुडकुडत होता, कारण थंडी वाजणं त्याला नवीन होतं. मुलीनं त्याला टॉवेल दिला आणि म्हणाली, “किती उशीर केलास.”

धुरपताबाई डोळे पुसत होत्या. “लई चांगलं झालं. माझे मंगळवार फळले.”

“आत्या,” शिवकन्या घाईनं म्हणाली, “ही गोष्ट हाय. खऱ्यात असं व्हतंच असं न्हाय. ह्यांचं…”

“मल्हारचं म्हणतीस व्हय? त्याला लेक झालीया. शेजारच्या रुद्रम्मानं दोन वरसांमागंच सांगितलं मला.”

“मला बोलला न्हाईत?”

“तू तरी कुठं बोललीस?”

“मग मंगळवार कशापायी धरले?”

“त्या पुस्तकातल्या पोरीपायी,” धुरपताबाई म्हणाल्या. “तुझ्यावानीच वाट बघत व्हती. म्हटलं, एकीचं तरी व्हावं.”

शिवकन्येला रडू आवरलं नाही. म्हातारीनं तिला रडू दिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आतून सुपात तांदूळ, खण, नारळ घेऊन आली. समाप्तीला वाचणारीची ओटी भरायची असते.

“ह्यांच्या नावानं नको, आत्या.”

“कुणाच्याच नावानं न्हाय. तू वाचलंस म्हणून. पदर धर.”

तिनं पदर पसरला. धुरपताबाईंनी खण-नारळ ठेवला, रीतीच्या पाच ओंजळी तांदूळ घातले. ‘अखंड सौभाग्यवती’ म्हणायला त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्यांनी वाकून सुपातून सहावी ओंजळ भरून घेतली आणि तीही सुनेच्या पदरात घातली.