डबीतलं हिरवं पाणी

डोळ्यांसमोर आणा बघू: एक पसरट परात, तिच्यात पाणी, तळाशी चहाचा चोथा. आता तुमच्या बाजूच्या काठावरून पाण्यावर हळूच फुंकर घाला. वरचं पाणी पलीकडे सरकेल आणि त्याची जागा भरायला तळचं पाणी चोथा घेऊन तुमच्याकडे येईल. समुद्रातही असंच होतं. फक्त तिथे वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहतो आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे वरचं पाणी बाजूला, खोल समुद्राकडे वळतं. मग खालचं थंड पाणी जणू खत घेऊन वर येतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे इवले हिरवे जीव भराभर वाढतात. त्यांना प्लवक म्हणतात.

टिटवीला हे सगळं तोंडपाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि ओळखणं वेगळं.

जिभेला विसावा नाही म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. सुटीत ती आत्याबरोबर धक्क्यावरच्या प्रयोगशाळेत जायची. आत्या होडीतून बारीक जाळीची निमुळती पिशवी पाण्यात सोडून ओढायची. पिशवीच्या टोकाला पितळी डबी असे, तिच्यात प्लवक जमत. डबीतलं पाणी काचेच्या बरणीत ओतायचं आणि डबी धुऊन ठेवायची, हे टिटवीचं काम. मागे एकदा डबीला शेवाळ राहिलं, तेव्हा आत्या म्हणाली होती, "अगं, घाणेरड्या डबीतून समुद्र कसा कळायचा?" ते टिटवीच्या मनाला लागलं होतं.

ऋतू पालटला, वारा फिरला. "या आठवड्यात पाणी हिरवं होणार," असं आत्यानं प्रयोगशाळेच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

त्या सकाळी टिटवीनं डबी बरणीत उपडी केली, तर पाणी गढूळ, हिरवट, बुळबुळीत. आपण परत डबी नीट धुतली नाही! आत्या बाहेर दोर गुंडाळत होती. टिटवीनं ते पाणी मोरीत ओतलं, डबी नखांनी खरवडून घासली आणि विसळण्यासाठी गाळून ठेवलेलं पाणी बरणीत भरलं. समुद्राचंच तर होतं.

आत्या सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"काहीच नाही," ती म्हणाली.

दारातून होडीवाले काका हसले. "वारा फिरला, पण पाणी रुसलं वाटतं, बाई."

"माझाच अंदाज चुकला, काका. दुपारची फेरी नको. साहेबांना सांगून येते." आत्या हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

तेव्हा कुठे टिटवीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती घाण नव्हती. आत्या ज्याची वाट पाहत होती, तेच आपण मोरीत घालवलं.

"टिटवी आज गप्प कशी?" काकांनी विचारलं.

तिनं हात मागे लपवले. नखांत अजून हिरवं होतं. बोलावं तर चोरी कळणार, न बोलावं तर आत्या खोटी ठरणार. मान वर होईना. जिना चढणाऱ्या आत्याची पावलं तेवढी ऐकू येत होती.

साहेबांचं दार उघडल्याचा आवाज आला, तशी टिटवी धावत जिना चढली. दारातच थांबून तिनं दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली आणि म्हणाली, "आत्या, पाणी हिरवंच होतं. मी ओतून दिलं."