धुराड्यातला राखणदार

जरा वाका. राजांच्या तसबिरी वर आहेत. मी खाली, कोपऱ्यातल्या काचेत. मी एक बूट आहे. लहान मुलीचा, टाचेकडे झिजलेला, जोडीतला एकटा. इथे आल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही.

मला शिवलं ते इंग्लंडातल्या सफोकमधल्या एका शेतघरातल्या जोआनसाठी. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. दारं-खिडक्या लावता येतात, धुराडं मात्र उघडंच राहतं, म्हणून पीडा तिथूनच घरात उतरते असं तिकडे मानत. जोआनला मी लहान झालो, तेव्हा तिच्या आईने, अ‍ॅलिसने, मला धुराड्यातल्या विटेच्या कोनाड्यात ठेवलं. पोरीच्या पायाच्या वासाने पीडा माझ्यात शिरावी आणि तिथेच अडकावी, हा तिचा बेत.

“डोळा लागू देऊ नकोस,” ती मला म्हणाली.

तीनशे वर्षांवर मी तो लागू दिला नाही. लाकडाचा धूर सोसला, मग कोळशाचा. कावळ्यांनी डोक्यावर घरटी केली. जोआनची नातवंडं त्याच शेकोटीपाशी वाढली आणि मला वाटलं, आपलं बरं चाललंय.

मग धुराडं दुरुस्त करायला डेरेक गवंडी आला. त्याने आत हात घातला.

“बेरिल, इथे कोणाचा तरी पाय राहिलाय.”

“पाय नाही रे, राखण आहे ती,” घरमालकीण बेरिल म्हणाली. “होती तिथे ठेव.”

पण तिची लेक हेझेल मध्ये पडली. “आई, इतकी जुनी वस्तू काजळीत सडवायची? म्युझियमला देऊ.”

“तुझे बाळंतपणाचे दिवस जवळ आलेत, म्हणून बोलतेय.”

“तू कधीपासून असलं मानायला लागलीस?”

“मी मानत नाही,” बेरिल म्हणाली. “पण काढतही नाही.”

हेझेलने मला बिस्किटांच्या डब्यात घालून इथे आणलं. इथल्या इमोजेनबाईंचा हात फार हलका. त्यांनी मला मऊ कुंचल्याने साफ केलं, पाटी लावली. लोक येतात, ‘किती गोड’ म्हणतात आणि चहा प्यायला जातात. माझं लक्ष त्यांच्यात नसतं. तिकडे हेझेलला मुलगी झालीय, एडी. धुराडं उघडं आहे आणि मी इथे काचेत बसलोय!

बाजाराच्या दिवशी बेरिल यायची. “परत कधी देणार?”

“मिसेस थर्लो,” इमोजेनबाई बेरिलला म्हणायच्या, “तिथे तो टिकायचा नाही. इथे नीट राहील.”

“तो नीट राहावा म्हणून नव्हता ठेवला,” बेरिल म्हणाली. इमोजेनबाईंनी तिला चहा विचारला.

काल तिघी आल्या. एडी आता आईचं बोट धरून चालते. तिच्या एका पायात लाल बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा.

“सगळं घर पालथं घातलं,” हेझेल इमोजेनबाईंना सांगत होती. “परवापर्यंत होता हो.”

“मुलांचं असंच असतं.”

बेरिल माझ्यापाशी वाकली, काचेवर हात टेकला. तिच्या नखांत काजळी होती.

“झोप आता,” ती हळूच म्हणाली.

कसली झोप! ते लाल पोर नवंकोरं आहे, अजून दुकानाचा वास गेला नसेल त्याचा. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलंच, तर धुराड्याखाली उभं राहून माझा एवढा निरोप सांगा: रात्री जे घोंघावतं त्याला भिऊ नकोस, तो नुसता वारा असतो. आवाज न करता जे येतं, त्याला आत घे. आणि सोडू नकोस.