रडली, चाळीस मिनिटं

मी आवक-जावक वही बोलतेय. मधे तोंड घालायचं नाही आणि पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हा माणसांवर माझं फारसं प्रेम नाही. का नाही, ते ऐका.

माझा जन्म छापखान्यातला. दोनशे पानं, निळा पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी. प्रत्येक पानावर सहा रकाने: तारीख, वेळ, आवक, जावक, शिल्लक, शेरा. माझ्या सगळ्या बहिणी यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात लागल्या. तिथे बेअरिंग आलं की आवक, गेलं की जावक, फुटकं निघालं की शेरा. किती सरळ आयुष्य! मीही तिथेच जाणार होते. पण गोदामाच्या स्टोअरकीपरला मुलगी झाली आणि त्याने मला पिशवीत घालून घरी आणलं.

घरी त्याने माझ्या पहिल्या पानावर पट्टी ठेवून बराच वेळ डोकं चालवलं. आवक म्हणजे दूध. जावक म्हणजे शी-शू. शिल्लक या रकान्याचं काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून तिथे झोप लिहायची ठरली. बाकीचं सगळं शेऱ्यात. मग त्याने मला बायकोपुढे सरकवलं. तिला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं.

“वाक्यं लिहीत बसू नकोस,” तो म्हणाला. “आम्ही गोदामात नुसतं आलं, गेलं, फुटलं एवढंच लिहितो. कोण, कशाला, ते नको. वेळ वाचतो.”

“आणि मी झोपू कधी?”

“ते बघू गं. आधी रेकॉर्ड तर ठेव.”

मला तेव्हा तो फार आवडला होता. आता आठवलं की लाज वाटते.

तो सकाळी सातच्या आत बाहेर पडे. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या सासूबाई संध्याकाळी, बरोबर मुलगा यायच्या वेळेला येत. मधल्या अकरा तासांत चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात तिघीच असायच्या: आई, बाळ आणि जेवणाच्या टेबलावर मी. बाळ गुणाचं होतं. प्यायचं, झोपायचं, उठून छताकडे बघत राहायचं. आई लिहायची: प्यायली. झोपली. शू केली. अक्षर सुरुवातीला सुंदर होतं. पुढे पुढे ओळ सोडून रकान्याबाहेर जायला लागलं. मला त्याचा राग यायचा.

तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ. बाळ आतल्या खोलीत गाढ झोपलेलं. आई माझ्यासमोर बसून रडत होती. आवाज नाही काही, नुसते डोळे आणि नाक वाहत होतं. माझं पान भिजलं. मग तिने घड्याळ पाहिलं, पेन उचललं आणि शेऱ्यात लिहिलं: रडली. ४० मि.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाळाने तर हूं की चूं केलं नव्हतं! गोदामाच्या वहीत खोटी नोंद म्हणजे केवढा गुन्हा. मनात म्हटलं, ही बाई कामचुकार तर आहेच, लबाडही आहे. दुसऱ्या दिवशी परत तेच. रडली, ५५ मि. मग दिवसातून दोनदा, तीनदा. बाळही मुलगी आणि आईही बाई, दोघींना क्रियापद एकच. रडली कोण, हे लिहायची सोय त्या शहाण्याने ठेवलीच नव्हती. आणि तिच्यात स्वतःला ‘मी’ म्हणण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. हे मला समजलं नाही. मी वही आहे, मला माफ करा. घरातल्या माणसांना मात्र माफ करू नका.

स्टोअरकीपरने मला बालरोगतज्ज्ञांकडे मिरवत नेलं. डॉक्टरांनी मिनिटांवरून बोट फिरवलं आणि खूश झाले.

“इतकं पद्धतशीर कुणी ठेवत नाही. पोटात वारा धरत असेल. थेंब देतो.”

“डॉक्टर, ती नोंद…” आई म्हणाली.

“तू थांब जरा,” नवरा म्हणाला, “मी बोलतोय ना.”

ती थांबली. ती बाळ झाल्यापासून थांबलेलीच होती.

थेंब सुरू झाले, रडण्याची मिनिटं वाढतच गेली. थेंब बदलले. बाळ ते थुंकायचं आणि चकित होऊन बापाकडे बघायचं. दुखत काहीच नसलेल्या पोराला औषध पाजत होते बिचारे.

मग सासूबाईंनी निदान केलं. “तुझं दूधच बाधतंय तिला. काय काय खातेस तू दिवसभर?” रोज एकेक पदार्थ बंद होऊ लागला. सगळंच बंद झालं तेव्हा माझ्या शेऱ्यात नवी नोंद आली: जेवली नाही. तीही कुणी वाचली नाही. सगळे मिनिटं मोजत होते.

दहाव्या आठवड्यात आरोग्यकेंद्राची नर्स वजन करायला आली. गोदामाला सुटी होती, सगळे घरात होते. दणकट बाई, आवाज खणखणीत, खांद्याला लटकणारा काटा. तिने बाळ तोललं आणि भुवया उंचावल्या.

“वजन तर झकास वाढलंय. बाळ ठणठणीत आहे.”

“पण रडते किती!” स्टोअरकीपरने मला उघडून तिच्यापुढे धरलं. “बघा. काल दोन तास दहा मिनिटं.”

नर्सने शेरे वाचायला घेतले. मिनिटं सोडून शब्द वाचणारी ती पहिलीच.

“जेवली नाही,” ती म्हणाली. “परवा जेवली नाही. काल जेवली नाही. अहो, अडीच महिन्यांचं पोर जेवायला कधीपासून लागलं?”

“दूध म्हणायचं असेल तिला.”

“दुधाचा रकाना हा बाजूला आहे. तिथे दर तीन तासांनी प्यायली आहे.”

“आणा इकडे,” म्हणत सासूबाईंनी मला ओढून घेतलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, दुसऱ्याच्या चुका मोठ्याने वाचायची सवय. “धड लिहायलाही नको हिला. हे बघा, मंगळवार. झोपली नाही. रडली. गॅलरीत उभी होती, पंचवीस…”

पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मान न धरणारं बाळ नर्सच्या मांडीवर पडलं होतं. ते गॅलरीत उभं राहणं शक्य नव्हतं.

नर्स आईकडे वळली. “ताई, हे कुणाबद्दल लिहिलंय?”

“वाचता येतं ना तुम्हाला?” आई कडाडली. एवढ्या दिवसांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. “सगळ्यांना वाचता येतं इथे! रोज वाचता, डॉक्टरला दाखवता! मी खाली बघत उभी होते. बाळ उठलं म्हणून आत आले. लिही म्हणालात, लिहिलं!”

स्टोअरकीपर पांढराफटक पडून मला उलटीकडून चाळायला लागला. आता काय चाळतोस?

नर्सने त्याच दिवशी तिला बरोबर आरोग्यकेंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. म्हणाले, हा आळस नाही, नाटक नाही, आजार आहे, आणि बरा होतो. गोळ्या दिल्या, झोप सक्तीची केली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. तिला घरात एकटी ठेवायचं नाही, असं नवऱ्याला बजावलं.

“आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही,” सासूबाई पुटपुटल्या.

“होतं,” नर्स म्हणाली. “कुणी लिहून ठेवलं नाही.”

स्टोअरकीपरने दोन महिन्यांची रजा काढली. पहिल्याच दिवशी सकाळी अकराला तो दुधाची बाटली हातात घेऊन भिंतीला टेकला आणि उभ्या उभ्या झोपला. मला फार बरं वाटलं.

ती लगेच काही हसायला-खेळायला लागली नाही. अजूनही काही दिवस ती सगळ्यांवर ओरडते, काही दिवस नुसती पडून असते. पण जेवते. गॅलरीत जाते ती कपडे वाळत घालायला, आणि तेव्हा कुणी ना कुणी सोबत असतं.

परवा पाहुणे आले होते. सासूबाई त्यांना सांगत होत्या, “फार रडकी हो पोर. आईला अगदी जेरीस आणलं तिने. आम्ही ती वही जपून ठेवणार आहोत, मोठी झाली की वाचेल, आपण किती छळलं ते कळेल तिला.” पाहुणे हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं.

पाहुणे गेल्यावर तिने लाल पेन घेतलं आणि मला तिसऱ्या आठवड्यावर उघडलं. ‘रडली’ची वेलांटी खोडली, वर मात्रा दिली. रडले. पुढचं पान. रडले. जेवले नाही. बाळाच्या नोंदींना तिने हात लावला नाही. गॅलरीच्या ओळीपाशी हात थांबला, मग तिथेही मात्रा पडली. उभी होते. गोदामात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते. तिने प्रत्येक ठिकाणी सही केली.

“कशाला गिरगटतेस आता?” सासूबाई म्हणाल्या. “घाण दिसतंय.”

“दिसू दे,” ती म्हणाली आणि पान उलटलं.

आता माझी सात पानं कोरी आहेत आणि मला पेटीत ठेवायचं चाललंय. ठेवा. बाकीच्यांशी मला काही बोलायचं नाही. पण पोरी, तू मोठी झालीस की मला बाहेर काढ. तू रडकी नव्हतीस. तू पोटभर प्यायचीस, छान झोपायचीस, आणि एका मंगळवारी तू वेळेवर उठलीस. तुला कुणी रडकी म्हणालं, तर मला त्यांच्या डोक्यात घाल. मी दोनशे पानांची आहे, चांगली लागेन.