आजोबांच्या अंगावरचे वळ

पलानीने मासळीची आतडी बादलीभर समुद्रात ओतली आणि वाइओलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल्या, माझ्या ठिय्यावर मांस टाकतोस?"

मिलोली गावाच्या त्या ठिय्यावर ती मासेमारीच्या बंदीचा सगळा काळ होडी वल्हवत यायची. उकडलेला अळकंद नि भोपळा टाकून ओपेलू मासे पोसायची. मांसाचा कणही टाकायचा नाही, वासाने शार्क येतात, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. आज जाळं टाकायचा पहिला दिवस, आणि धाकटा भाऊ मोटरबोटीत पर्यटक भरून हजर!

"ताई, ओरडू नकोस, गिऱ्हाईक बघतंय," पलानी हसला. "मी काय परक्याला घालतोय? आपल्या आजोबांनाच जेवू घालतोय की!"

आजोबा म्हणजे तो शार्क. त्यांच्या घराण्यातली माणसं मेल्यावर शार्क होऊन परततात. हे आजोबा खोल काळोखात उतरून राक्षसी माकुळाशी झुंजायचे. माकूळ हातांवरच्या चोषकांनी चिकटायचं, कातडी सोलायचं, आणि तोंडाभोवती बुचाएवढे गोल वळ उठायचे. दर भेटीला वाइओलाला एखादा ताजा, लाल वळ दिसायचा. तिला केवढा अभिमान त्याचा!

तिने जाळं वर ओढलं. रिकामं. सगळे ओपेलू पळाले होते. जाळ्यामागून आजोबा मात्र वर आले, थेट होडीला येऊन टेकले आणि त्यांनी तोंड वासलं.

वाइओलाने वाकून पाहिलं. सगळे वळ जुने, पांढरे पडलेले. ताजा एकही नाही. खाली जाणं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

"बघा, हातचं खातो!" पलानी पर्यटकांना सांगत होता.

वाइओलाने वल्हं उचललं.

"ताई! आजोबा आहेत ते!"

"म्हणूनच!" तिने नाकाडावर दणका हाणला. "लाज नाही वाटत? ह्या भडव्याच्या बादलीवर जगता? खाली जा! लढून खा!"

आजोबा हलले नाहीत. तिने पुन्हा हाणलं, सगळं बळ एकवटून. तेव्हा ते वळले आणि सरळ खाली काळोखात गेले.

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. वाइओला वल्हं छातीशी धरून संतापाने रडत होती. ते वल्हं आजोबांनीच, माणूस असताना, तिला कोरून दिलेलं होतं.