दुपारचं दव

सुकरी आता कशालाच चिडत नव्हती. चिडायलाही अंगात बळ लागतं. पोशेरा गावाच्या वरच्या माळावर ती नागलीची रोपं लावत होती आणि मागे चार दिवसांपूर्वी लावलेली पिवळी पडत होती.

हा माळ तिनेच पसंत केलेला. थोरला दीर लक्ष्या याच्या ओढ्याकाठच्या शेतात दहा वर्षं राबून ती विटली होती. जव्हारच्या दरबाराने माळ फोडायची परवानगी दिली, तेव्हा गेल्या भादव्यात नवऱ्याला, ढवळूला घेऊन ती जागा बघायला आली. जिथे दव उशिरापर्यंत टिकतं तिथली माती कसदार, असं तिकडे सगळेच धरून चालतात. इथे तर भर दुपारी बोटभर तांबड्या रोपट्यांवर थेंब चमकत होते. सुकरीने हट्टच धरला, आणि दिराशी कडाक्याचं भांडून घर सोडलं.

आज कंबर धरली म्हणून ती टेकली, तर हात तसल्याच एका तांबड्या रोपट्याला लागला. थेंब पुसला जाईना. चिकासारखा बोटाबरोबर ताणला गेला. परवा इथेच एक चिलट चिकटून धडपडत होतं आणि पान त्याच्यावर वळत होतं. आज पान उलगडलं होतं, आत नुसतं टरफल. शेजारच्या पानांतही तेच. मेलं झाड किडे खात होतं! मुळाशी पोटापुरतं मिळालं असतं तर कोण कशाला असल्या उचापती करील? तिने माती उकरली. चार बोटांवर कातळ लागला.

टोपलीत अर्धी रोपं उरली होती. इथे लावली तर तीही जाणार, मग पोरांना वर्षभर घालायचं काय? आणि जगवायची तर ओढ्याकाठी जागा मागायला लक्ष्याच्या दारात जायचं. तिने ढवळूला हाक मारली.

"चुकले मी. ह्या दव नाय. हिथं मातीत कायच नाय."

ढवळूने मान खाली घातली. "मना तवाच कळला होता. माती हुंगली मी, वासच नव्हता तिला."

"मंग बोलला का नायस?"

"तू हसत होतीस. किती वर्सांनी."

सुकरीला त्याची माया आली, आणि त्या मायेचाही शीणच आला. तिने टोपली डोक्यावर घेतली. ढवळू सोबत निघाला, तसं तिने त्याला थांबवलं.

"तू ऱ्हा हिथंच. हट्ट माझा होता, पाया मीच पडते."