रेषेखालची मुक्ता

पाळण्याच्या वर लोक रंगीत चिमण्यांचं चिमणाळं टांगतात. आमच्याकडे ह्यांनी तिथे आलेखाचा कागद डकवला होता. त्यावर निळ्या शाईची एक रेषा: आधी सावकाश, मग झपाट्याने, मग पुन्हा सावकाश चढणारी. ती कपाशीची. हे जळगावाबाहेरच्या प्रयोगक्षेत्रावर कुंड्यांत कपाशी वाढवत आणि कोणत्या दिवशी रोप किती उंच असेल, ते आधीच गणितानं सांगत. त्याच कागदावर लाल शाईचे ठिपके होते. ते आमच्या मुक्ताचे.

"जीव तो जीव," हे म्हणाले होते. "पेशी इथेही वाढतात, तिथेही वाढतात. सूत्र एकच."

मी इंटरला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. मग मुलीला खत कोणतं घालायचं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण पहिलटकरणीची अक्कल निम्मी बाळंतपणात जाते आणि उरलेली काळजीत. मला वाटलं, कागदावर लिहिलंय म्हणजे निदान कुणाला तरी ठाऊक आहे.

ठिपके रेषेच्या खाली चालले होते. चौथा महिना सरत आला, तेव्हा दीड रत्तल खाली. ह्यांनी मिश्रीलालच्या दुकानातून विलायती दुधाचा डबा आणून फळीवर ठेवला आणि निकाल दिला, "शनिवारी चार महिने होतील. तोवर रेषेवर आली नाही, तर अंगावरचं बंद. डबा सुरू."

डब्यावर एक गुटगुटीत गोरं बाळ होतं. ते दिवसभर माझ्याकडे बघून हसायचं.

वजनाचा विधी असा: कुंड्या मोजून हे आठाला घरी येत. मुक्ता सहालाच उठे. पण वजन रिकाम्या पोटी हवं. तेव्हा दोन तास तिनं रडायचं आणि मी दार लावून थोपटायचं. मग तिला उघडी करून, कापूस तोलायच्या काट्याला टांगलेल्या झोळीत घालायचं. ती हातपाय झाडी, काटा नाचे आणि हे ओरडत, "हलू नको देऊ गं तिला! कपाशी हलते का?" सुटका होईतो पोर इतकी दमलेली असे, की चार घोट घेऊन झोपून जाई. दुसऱ्या दिवशी ठिपका आणखी खाली.

आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी उठल्याबरोबर आधी कागद बघायची, मग मुलगी.

भिकुबाई मुक्ताला न्हाऊ घालायला यायची आणि तिथून प्रयोगक्षेत्रावर कुंड्यांना पाणी घालायला जायची. गुरुवारी तिनं मुक्ताला पायांवर घेतलं आणि कमरेचा करदोडा चाचपला.

"ताई, करदोडा तंग व्हयना. गाठ सोडनी पडी."

"अगं, मागच्याच पंधरवड्यात सैल केला होतास!"

"मंग? पोर वाढी राहिनी." तिनं भिंतीकडे मान उडवली. "तो कागदच सुकी राहिना व्हई."

"पण वजन कमी भरतंय ना?"

"कवळ्या काकडीले बोट दखाडं का ती सडी जास. आनि तुम्ही लेकरूले रोज काटाले टांगतस!"

मी शिकलेली. हसले आणि म्हणाले, असं काही नसतं. पण दुपारी ह्यांची भाकरी घेऊन, मुक्ताला खांद्यावर टाकून, प्रयोगक्षेत्रावर गेले. कुंड्या दोन रांगांत होत्या. पुढची रांग मोजणीची, मागची राखीव. पुढचं एखादं रोप मेलंच तर बदली म्हणून. पेरा एका दिवसाचा, माती एक, पाणी एक. पुढची रोपं माझ्या गुडघ्याला लागत होती. मागची मांडीपर्यंत आली होती.

"अहो, मागची उंच आहेत."

"त्यांची नोंद नसते," हे मान वर न करता म्हणाले. पुढच्या एका रोपाचा शेंडा दोन बोटांत ताणून त्यांनी पट्टीला लावला होता. "आणि नोंद नाही, ते उंच आहे असं म्हणता येत नाही."

त्या ताणलेल्या शेंड्याकडे बघवेना. मला झोळी आठवली.

शुक्रवारी पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. चहा द्यायला मी होतेच. साहेबांनी निळी रेषा पाहिली, पुढची रांग पाहिली. रोपं गणितापेक्षा वीतभर बुटकी.

"रोपांनी अपेक्षित वाढ दाखवली नाही, साहेब," हे म्हणाले. जणू कपाशीकडून खुलासा मागवायचा होता.

"आणि ती मागची?"

हे वहीची पानं उलटू लागले. झारी खाली ठेवून भिकुबाईच बोलली, "साहेब, पुढलासना शेंडा रोज चिमटामा धरतस. मांगलासले कोन्ही हात लावत नई, म्हनीसन त्या वाढन्यात."

ह्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अंधार, मग एकदम लख्ख उजेड. "तेच, साहेब! निरीक्षकाच्या हस्तस्पर्शाचा वाढीवर होणारा प्रतिकूल परिणाम! त्यावर मी टिपण करतोच आहे."

साहेब खूश होऊन गेले. भिकुबाईच्या त्या दोन वाक्यांची पुढे अकरा पानं झाली. त्यांत तिचं नाव नव्हतं. झारीत पाणी किती मावतं, ते होतं.

संध्याकाळी हे शीळ घालत आले. दुसऱ्या दिवशी शनिवार. डबा फळीवर हसत होता.

"टिपणाला नुसती कपाशी पुरेल का हो?" मी विचारलं. "जीव तो जीव ना?"

"म्हणजे?"

"मुक्ता आजवर पुढच्या रांगेत होती. आता दोन महिने मागच्या रांगेत ठेवून बघा. काटा नाही, झोळी नाही, उपास नाही. मागेल तेव्हा अंगावर."

"आणि डबा?"

"राखीव कुंडीला वेगळं खत घातलं, तर प्रयोग बिघडेल."

हे बराच वेळ येरझारा घालत राहिले. बाप म्हणून त्यांना हे पटलं नसतं. प्रयोगासाठी पटलं.

शनिवारी मुक्ता सहाला उठली आणि सहालाच प्यायली. घाई न करता, मध्येच थांबून माझ्याकडे बघत. मिश्रीलालनं डबा परत घेतला नाही. आता त्यात मेथीदाणे आहेत.

दोन महिने झाले त्या दिवशी हे पेन उघडून पाळण्यापाशी उभे राहिले. "काटा नाही लावत. पण आकडा तर हवा. कितीनं वाढली?"

"करदोड्याच्या दोन गाठी," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "एक गाठ म्हणजे किती इंच?"

ते भिकुबाईला ठाऊक, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते रोज सकाळी तिला विचारतात, आणि ती रोज वेगळं सांगते.